हिरवळ नसलेली बाग

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पत्ता विचारलात, तर उत्तर आकड्यात मिळतं. रोड नंबर पाच, रोड नंबर नऊ, रोड नंबर चौदा. सीकर रोडला लागून लेथ, प्रेस, पत्रा आणि दगड कापायची यंत्रं दिवसभर चालू असतात. सगळे याला थोडक्यात ‘व्हीकेआय’ म्हणतात. पर्यटनाच्या कुठल्याच यादीत हा भाग नसतो आणि तिथे राहणाऱ्या माणसाला ‘फिरायला कुठे जायचं?’ विचारलं, तर तो तुम्हाला सरळ आमेर किंवा हवामहलकडे पाठवतो.

माझा मामा नोकरीमुळे इथे राहतो. आजी, मी आणि मामाची दोन मुलं, वयं सात आणि अकरा, अशी आमची फौज. एका रविवारी सगळ्यांना झेपेल अशी जागा शोधताना नकाशात किशन बाग सापडली. व्हीकेआयमधून विद्याधर नगरच्या दिशेने निघालात, तर रविवारच्या रस्त्यावर अर्धा तासही लागत नाही. नाहरगडच्या डोंगराच्या पायथ्याशी सुमारे ६४ हेक्टरवर ही बाग पसरली आहे. जयपूर विकास प्राधिकरणाने २०२१ मध्ये ती लोकांसाठी खुली केली.

वाटेतल्या विद्याधर नगरची एक गंमत सांगून टाकते. हे नाव जयपूर शहराची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्य यांचं. या उपनगराचा आराखडा १९८० च्या दशकात केला बाळकृष्ण दोशी यांनी. दोशींचा जन्म पुण्यातला, १९२७ चा, आणि जयपूरची स्थापना १७२७ ची! आजीला आकड्यांचे असे योगायोग फार आवडतात, त्यामुळे प्रवास आनंदात झाला.

आत शिरल्यावर मात्र सगळ्यांचे चेहरे पडले. तुमचेही पडतील, म्हणून आधीच सांगते. इथे लॉन नाही. कारंजं, झोपाळे, गुलाबाचे ताटवे, काही नाही. वाळूच्या टेकड्या, त्यावर काटक्यांसारखी झुडपं, मधून जाणारी लाकडी पायवाट आणि मागे नाहरगडचा डोंगर. धाकट्याने विचारलं, “उंट कुठे आहेत?” आजी म्हणाली, “अगं, हे तर नुसतं ओसाड रान आहे. याला तिकीट कशाला?”

आजीचा प्रश्न रास्त होता. आपण बाग म्हणजे हिरवळ असंच शिकलोय. मोकळी, काटेरी, पिवळट जमीन दिसली की ती ‘वाया गेलेली’ वाटते आणि तिथे काहीतरी लावायला हात शिवशिवतात. किशन बागेत नेमकं उलटं केलं आहे. वाळू सपाट करून वर माती टाकून गवत लावणं सोपं होतं. ते न करता वाळूत मुळात जे उगवतं तेच उगवू दिलं, आणि नसेल तिथे तेच लावलं.

ही वाळू इथे आली कशी, हे मुलांना आधी समजावून सांगा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. जयपूर म्हणजे वाळवंट नव्हे. इथे वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. खरं वाळवंट पश्चिमेला. तिकडचा वारा वाळू घेऊन निघतो, अरवलीच्या रांगेतल्या खिंडींतून आत शिरतो आणि पुढे डोंगर आडवा आला की ओझं तिथेच टाकतो. नाहरगडच्या पायथ्याच्या टेकड्या अशाच साचलेल्या. मोठ्या भाचरानं यावर विचारलं, “मग वारा परत ती उडवून का नेत नाही?” उत्तर त्याच्या पायाशीच होतं. गवताच्या आणि झुडपांच्या मुळांनी वाळू धरून ठेवली आहे. ती झुडपं तोडली, तर टेकडी पुन्हा चालू लागेल.

बागेची रचना प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. हे मूळचे सिनेमावाले. नंतर झाडांच्या मागे लागले आणि दिल्लीच्या झाडांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याखालच्या खडकाळ जमिनीवर २००६ पासून त्यांनी असंच काम केलं. तिथे आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात तिचं रान माजलं होतं. ती वरून छाटली की पुन्हा फुटते. म्हणून दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या स्थानिक कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून तिची मुळं काढली. दगडावर हातोडा मारून नुसत्या आवाजावरून तो कसा फुटेल हे त्यांना कळायचं म्हणे. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सर्वांत आवडतो.

आता पायवाटेने चला. वेगवेगळे अधिवास वेगवेगळ्या भागांत मांडले आहेत. एका भागात खींप, म्हणजे हिरव्या काड्यांचा झुपका, पानं जवळपास नाहीतच. पाणी वाचवायचं तर पानं परवडत नाहीत, काडीच पानाचं काम करते. याच खींपाचे दोर वळतात, झोपड्या शाकारतात. दुसरीकडे धोक, आपल्या धावड्याचा भाऊबंद, अरवलीच्या उतारांवरचं मुख्य झाड. मग रोहिडा, राजस्थानचं राज्यफूल. आम्ही गेलो तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि रोहिडे फुलायला लागले होते. एकाच जातीच्या झाडांपैकी कुणाला पिवळी, कुणाला नारिंगी, कुणाला लाल फुलं! खडक आणि जीवाश्मांचाही एक भाग आहे. मुलांनी तिथे सर्वांत जास्त वेळ घालवला.

इथवर आजी गप्प होती. मग तिला रुई दिसली. इथे तिला आकडा म्हणतात. “ही तर मारुतीची!” म्हणून ती थांबली. दर शनिवारी रुईच्या पानांची माळ घालणारी बाई ती, तिला त्या झाडाची नव्याने ओळख कशाला करून द्यायला हवी? पुढे हिंगोट दिसलं, तेही तिने ओळखलं. तिच्या गावाकडे बांधावर हिंगणबेट होतं. खेजडी दाखवली आणि ही म्हणजे आपली शमी असं सांगितलं, तेव्हा तर तिने चक्क हात जोडले. मग मुलांना पांडवांनी शमीवर शस्त्रं लपवल्याची गोष्ट सुरू झाली. मी त्यात १७३० ची खेजडलीची हकिकत जोडली. जोधपूरजवळच्या त्या गावात खेजडी तोडायला आलेल्या राजाच्या माणसांपुढे अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि तिच्यासह ३६३ माणसांनी जीव दिला. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच जाऊन खोडाला हात लावून आला.

वाचकहो, इथे मला आपल्याकडची आठवण आली. आपलंही काही कमी ओसाड नाही! साताऱ्याजवळचं कास पठार ऑगस्ट-सप्टेंबर सोडला तर काळा खडक वाटतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं, म्हणून आज त्याला मान आहे. कोकणातल्या सड्यांना तो नाही. सोलापूर-पुण्याच्या माळरानांनाही नाही. तिथे चिंकारा राहतो, लांडगा राहतो. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी तो पक्षी आपल्याकडून जवळजवळ गेलाच. आता उरलेले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. इथे त्याला गोडावण म्हणतात, हाच इथला राज्यपक्षी. त्याला उघडं माळ लागतं, लांबवर दिसायला हवं. चांगल्या मनाने लावलेली झाडांची दाट रांगसुद्धा त्याच्यासाठी भिंत ठरते. दरवर्षी पावसाळ्यात वृक्षारोपणाला जाताना ‘इथे आधी काय होतं?’ हे मी तरी आता विचारणार आहे.

थोडं कामाचं. सकाळी लवकर जा. सावली जवळपास नाही. टोपी आणि पाणी हवंच. लाकडी पायवाट सोडून वाळूवर उतरू नका, मुलांना हे आधीच बजावा. पायवाटेवरूनच वाळूवरचे ठसे दिसतात, मोराचे तीन बोटांचे आणि किड्यांच्या बारीक रेघा. वयस्कर मंडळींना चालणं झेपतं. आजीने दोनदा बसून का होईना, पूर्ण फेरी केली. ज्यांना चढ हवा आहे त्यांनी वेगळ्या दिवशी जुन्या शहरातून नाहरगडावर जाणारी फरसबंदी वाट धरावी. किल्ला १७३४ चा, चढण वळणावळणाची आणि दमवणारी. वरची पायऱ्यांची बावडी ‘रंग दे बसंती’मुळे तुम्हाला ओळखीची वाटेल. या डोंगरात बिबटे आहेत, तेव्हा अंधार पडायच्या आत खाली या.

दुपारी जेवायला पंचकुटा मिळाला तर सोडू नका. कैर, सांगरी, कुमटिया, गुंदा आणि आमचूर यांची ही कोरडी भाजी. सांगरी म्हणजे त्याच शमीच्या शेंगा आणि कुमटिया म्हणजे बागेत पाहिलेल्या काटेरी कुमठ्याच्या बिया. आम्ही ती बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली. आजीने ताटातली सांगरी बोटाने उचलून निरखून पाहिली आणि मामाला म्हणाली, “ही वाळवलेली मिळते का रे? पाव किलो बांधून दे मला.”