घोट्याची नाडी

चाळिशीही न गाठलेला, मधुमेह किंवा रक्तदाब यांचा मागमूस नसलेला माणूस जेव्हा चालताना तळव्याच्या कमानीत गोळा येतो अशी तक्रार करतो, आणि रात्री ठणका असह्य झाला की पाय खाटेवरून लोंबता सोडून बसतो, तेव्हा चिकित्सकाने आपली बोटे प्रथम त्याच्या घोट्याशी न्यावीत. गुडघ्यामागची नाडी ठळक लागते, घोट्याशी मात्र ती सापडत नाही. पाऊल वर धरले की पांढरेफटक पडते आणि खाली सोडताच जांभळट लाल होते.

१८७९ मध्ये फॉन विनिवार्टर यांनी ज्याची नोंद केली आणि १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी कापलेले अकरा अवयव तपासून ज्याचे सविस्तर वर्णन केले, तो हा रोग. हातापायांच्या लहान व मध्यम रोहिण्यांना दाह होऊन आत रक्त गोठते आणि वाट बंद होते. तो शाबीत करणारी रक्ताची एकही तपासणी नाही. हृदयातून सुटलेली गुठळी, संधिवाताच्या जातीचे विकार, असे एकेक संशयित बाद करीत गेल्यावर मुख्य जबानी उरते ती तंबाखूची.

ती घेणे हेच खरे कसब. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, १९५५ साली बर्मा-शेलने तो सुरू केला तेव्हापासून, आगपेटीला मज्जाव असणे क्रमप्राप्तच. तेव्हा ‘बिडी ओढता का?’ या प्रश्नाला तिथला कंत्राटी कामगार ‘कामावर नाही, डॉक्टर’ असे अगदी खरे उत्तर देतो, आणि चुन्यात मळलेली चिमूट त्याच वेळी त्याच्या ओठाआड असते. मिश्रीला तर कोणी व्यसनात धरीतच नाही. म्हणून मी विचारतो, ‘सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं?’

अनुकंपी मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया ठणका कमी करते, इलोप्रॉस्ट जखम भरायला साहाय्य करते. बंद रोहिणीला वळसा घालणारी नवी वाट मात्र क्वचितच जोडता येते, कारण खाली जोडण्याजोगी रोहिणीच शिल्लक नसते. हे सर्व उपाय दुय्यम. पावलाचा भाग काळा पडण्यापूर्वी ज्याने तंबाखू समूळ सोडली, त्याचा पाय बहुधा वाचतो. ज्याने ती निम्म्यावर आणली, त्याने रोगाच्या दृष्टीने काहीच सोडलेले नसते.