आईची तांबी, माझी तांबी

“अगं, मग ते रक्त जातं कुठे? आतच साचत असेल तर?”

गंगापूर रोडवरच्या कॅफेत कॉफीचा घोट घेता घेता मैत्रिणीने हा बॉम्ब टाकला आणि स्वतः निवांत सँडविच खाऊ लागली. विषय होता माझी पाळी. सलग तीन महिने न आलेली. टेस्ट निगेटिव्ह. तोवर पॅडचे पैसे वाचले म्हणून खूश असलेली मी त्या रात्री पंख्याकडे बघत टक्क जागी!

थोडा फ्लॅशबॅक. लेक दीड वर्षाची झाली आणि मी अंबडच्या कंपनीत पुन्हा रुजू झाले. दुसऱ्या बाळाचं ठरवायला आम्हा दोघांनाही वेळ हवा होता. रोजची गोळी माझ्या लक्षात राहणं अशक्य (मोबाइलचा चार्जर लक्षात राहत नाही, गोळी काय राहणार!). म्हणून कॉपर-टी बसवून घेतली. पंचवटीत आईला सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला. “तांबी? नको गं बाई. पिशवी खराब होते. छातीपर्यंत वर सरकते म्हणे.”

मी हसले. दोन पाळ्यांनंतर मात्र हसू पळालं. दर दोन तासांनी पॅड बदला, मीटिंगमधून उठताना आधी खुर्चीकडे बघा, कंबरेचं तर विचारूच नका. सहा महिन्यांत हिमोग्लोबिन घसरलं. मग डॉक्टरबाईंनी ती काढून तिच्याच आकाराची, पण तांब्याऐवजी हॉर्मोन असलेली ‘टी’ बसवली. वर्षभरात पाळी कमी कमी होत गेली आणि एक दिवस गायबच!

सोमवारी हाफ डे टाकून दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी कागदावर एक उलटा पेरू काढला. ही पिशवी, म्हणजे गर्भाशय. दर महिन्याला आत अस्तर तयार होतं, गर्भ राहिला नाही की ते गळून पडतं. तीच पाळी. तांबीतलं तांबं शुक्रजंतूंना निकामी करतं आणि अस्तराला हलकी सूज आणतं. हा जंतुसंसर्ग नव्हे, पण त्यामुळेच अंगावरून जास्त जातं, कळा येतात. बहुतेकींना हा त्रास तीन ते सहा महिन्यांत कमी होतो. मी त्या बहुतेकींतली नव्हते, इतकंच.

हॉर्मोनवाली टी रोज अगदी थोडं हॉर्मोन सोडते. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्रजंतूंची वाट अडते आणि अस्तर पातळच राहतं. “अस्तरच वाढलं नाही, तर साचणार काय?” डॉक्टरबाई हसल्या. वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची पाळी अशी थांबते. टी काढली की ती परत येते, आणि मूलही लगेच राहू शकतं. सरकारी दवाखान्यात २०१७ पासून ‘अंतरा’ नावाने मोफत मिळणाऱ्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनचं गणित वेगळं. त्याने स्त्रीबीज बाहेर पडणंच थांबतं. म्हणून ते बंद केल्यावर दिवस जायला शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी सात ते दहा महिने लागतात.

“आणि छातीपर्यंत जाणं?” मी विचारलंच. बसवताना पिशवीच्या भिंतीला छिद्र पडून टी पोटात जाऊ शकते, पण हजारात एखादीच्या बाबतीत. छातीकडे जायला रस्ताच नाही! मात्र धागा हाताला लागेनासा झाला, ताप आला, पोटात खूप दुखलं किंवा घाण वासाचा स्राव गेला, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

संध्याकाळी तो कागद घेऊन पंचवटीत गेले. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. “मला असं कुणी काढून दाखवलं नाही गं.”

माझ्यानंतर, १९९१ साली, तिलाही तांबी बसवली होती. त्यानंतर चार वर्षं भरपूर अंगावरून जायचं. जिने बसवली तिने काही सांगितलं नव्हतं, सासूबाईंना विचारायची सोय नव्हती. शेवटी गुपचूप जाऊन काढून आली. “दुसरं हवं होतं मला. पण वाटलं, पिशवी खराब झाली, मूल कसलं होईल? म्हणून ऑपरेशनच करून टाकलं.”

मी एकुलती एक का, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभराहून जास्त वर्षं झाली. साधनं घरोघरी पोहोचली, पण आत काय होतं ते सांगणारा उलटा पेरू काही आईपर्यंत पोहोचला नाही. तेव्हा मैत्रिणींनो, बसवून घ्या किंवा नका घेऊ, पण टेबलावरून उठण्याआधी चित्र काढून मागा. आपलीच तर पिशवी आहे!

माझा कागद आता माझ्याकडे नाही. आईने घडी घालून पर्समध्ये ठेवला. गुरुवारी तिची भिशी होती.