हिरवा थर

नागपुरात भांगेचं नाव निघालं की लोक आधी हसतात. मग कोणीतरी महाशिवरात्रीला पचमढीच्या चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्या जत्रेची आठवण काढतो, कोणी उज्जैनच्या महाकालाला होणाऱ्या भांगेच्या शृंगाराची, आणि शेवटी प्रत्येकाकडे एक किस्सा असतोच. कोणाचा तरी मामा धुळवडीला दोन पेले ठंडाई प्यायला आणि संध्याकाळपर्यंत विहिरीतलं पाणी मोजत बसला, वगैरे. आमच्याही घरात असा एक किस्सा होता. पन्नासेक वर्षं चालला. त्याची नायिका माझी काकू. किस्सा सांगताना सगळे हसायचे, काकू ताटं उचलून आत जायची. ती का उठते, हे आमच्यापैकी कोणालाही कधी विचारावंसं वाटलं नाही, बघा.

तर झालं असं की होळीच्या आठवडाभर आधी माझी भाची डेन्व्हरहून आली. तिकडे ती दर होळीला घरी पुदिन्याची थरांची चॉकलेटं करते. खाली काळा थर, मध्ये हिरवा, वर पुन्हा काळा. अमेरिकेत 'अँडीज' नावाची पातळ चॉकलेटं मिळतात ना, तशी. फरक एवढाच की तिच्या मोठ्यांसाठीच्या डब्यात भांगेचा अंश असतो. कोलोरॅडोत २०१४ च्या १ जानेवारीपासून हे दुकानात रीतसर विकायला परवानगी आहे, वय मात्र एकवीसच्या वर हवं. (तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्याने अजूनही मनाई आहे म्हणे. एकाच देशात दोन कायदे!)

"मावशी, आपण इथे करू या ना! इथे तर भांग म्हणजे घरचंच प्रकरण," ती म्हणाली.

घरचं आहे, पण तितकं नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. पानांची भांग म्हणून राज्यांच्या हातात राहिली. मध्य प्रदेशात, राजस्थानात सरकारी परवान्याची दुकानं आहेत. आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यात भांगही येते, विनापरवाना करणं-बाळगणं गुन्हा. हे मी तिला सांगितलं. शिवाय घरात सव्वाचार वर्षांचा माझा नातू. चॉकलेट दिसलं की ते त्याचंच असतं, असा त्याचा सरळ हिशोब आहे. तेव्हा ठरलं, चॉकलेटं करायची, पण साधी.

भाचीने वाद घातला नाही. उलट म्हणाली की तिकडेही घरात मुलं आली की तिचा तो डबा कुलपात जातो. मग ओट्याशी उभी राहून चॉकलेट किसता किसता ती त्या प्रकरणाचं शास्त्र सांगायला लागली. भांगेतलं नशेचं द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून आपल्याकडे ती दुधात, तुपात, खव्यात. आणि तिकडे लोण्यात, चॉकलेटात. धूर ओढला तर काही मिनिटांत कळतं, खाल्लं तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच कळत नाही. पोटातून ते यकृतात जातं, तिथे त्याचं आणखी एक रूप तयार होतं आणि ते मेंदूला जास्त जोरात लागतं. माणूस वाट बघून कंटाळतो, 'काही होत नाही' म्हणून दुसरा तुकडा खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. सहा सहा, आठ आठ तास. म्हणून कोलोरॅडोत एका वेळचं प्रमाण दहा मिलिग्रॅमपर्यंत, पूर्ण पाकिटात शंभरच्या वर नाही, आणि २०१६ पासून प्रत्येक तुकड्यावर खुणेचा ठसा.

"न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिणारी मॉरीन डाउड आहे ना," ती म्हणाली, "२०१४ मध्ये ती डेन्व्हरला आली होती. हॉटेलच्या खोलीत तिने असंच एक चॉकलेट खाल्लं. आधी काही झालं नाही, म्हणून अजून खाल्लं. मग आठ तास पलंगावर पडून. तिला वाटायला लागलं की आपण मेलो आहोत आणि आपल्याला कोणी सांगत नाहीये. हे सगळं तिने स्वतःच पेपरात लिहिलं."

काकू डायनिंग टेबलाशी मटार सोलत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ऐकायला जरा कमी येतं, पण हे तिने बरोबर ऐकलं.

"काय वाटलं म्हणते तिला?"

भाचीने पुन्हा सांगितलं. काकूचे हात थांबले.

"मलेही तसंच वाटलं होतं."

आता किस्सा सांगते, जसा आम्ही ऐकत आलो तसा. १९७० ची होळी, महालातला आमचा जुना वाडा. काकूच्या लग्नाला दहा महिने झालेले. सकाळपासून ती चुलीशी, पुरणपोळ्यांचा घाणा. धुळवडीला पळसाच्या फुलांचा रंग उकळून ठेवलेला. दिरांनी एक ताटली आणून दिली, "वहिनी, पिस्त्याची बर्फी, खास तुमच्यासाठी." हिरवीगार. तिने एक खाल्ली. आग्रह झाला, दुसरी खाल्ली. तासाभराने वहिनी अंगणात बसून 'मला खाली ठेवा, मला खाली ठेवा' असं ओरडायला लागली. हाहाहा. किस्सा इथे संपतो.

काकूने त्या दिवशी पहिल्यांदा पुढचं सांगितलं. हात आपले वाटत नव्हते. समोर सासूबाई बोलत होत्या, त्यांचा आवाज फार लांबून येत होता, आणि तिला पक्कं कळलं की आपण मेलो आहोत, आता तिरडीवर उचललं आहे. म्हणून 'खाली ठेवा'. डॉक्टर आले. बर्फीचं कोणी बोललंच नाही, कारण आजोबांचा धाक. डॉक्टर म्हणाले, नाजूक प्रकृती, झटका आहे. माहेरी निरोप गेला. काकूच्या वडिलांना बोलावून विचारलं गेलं, मुलीला आधीपासून असं होतं का? लग्नाच्या वेळी सांगितलं का नाही?

पुढची चार वर्षं तिला विहिरीवर एकटीला जाऊ देत नव्हते. पहिलं बाळ झालं तर रात्री त्याला सासूबाईंजवळ निजवायचे, 'हिला झटका आला तर?' म्हणून. मग घरातल्या एका लग्नात गप्पांच्या ओघात कोणीतरी बर्फीचं फोडलं. सगळे पोट धरून हसले. विहिरीवरचा पहारा उठला. बस्स, एवढंच झालं.

"तुझ्या काकांना माहीत होतं," काकू म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

काका जाऊन अकरा वर्षं झाली. मी काय बोलणार? गॅस बारीक केला.

पण खरी गोष्ट त्यानंतरच आली. मला वाटलं होतं, फसवणुकीचा राग असेल. राग होताच. पण बर्फीचं कळल्यावर तिचं ओझं उतरलं नव्हतं, उलट बसलं होतं. भांग तर सगळेच पितात. महाशिवरात्रीला आजेसासरेसुद्धा घ्यायचे. सगळे हसतात, गातात, झोपतात. मग आपल्यालाच मरण का दिसलं? म्हणजे डोक्यात काहीतरी कमी असेलच. डॉक्टर बरोबरच बोलले असतील. हा विचार पन्नास वर्षं सोबत होता. कधी झोप लागली नाही, कधी छातीत धडधडलं की आधी तोच आठवायचा.

भाची हात पुसून तिच्याजवळ बसली. नीट सांगितलं तिने, एकेक करून. सकाळपासून तू उपाशी. वजन तुझं किती असेल, चाळीस किलो? दोन वड्या, त्यात किती भांग होती ते देणाऱ्यांनाही माहीत नसणार. पहिलीच वेळ. आणि मुख्य म्हणजे, आपण काय खाल्लं हेच तुला माहीत नव्हतं. ज्याला माहीत असतं तो घाबरला तरी मनाशी म्हणतो, उतरेल. तुला हे कोण सांगणार? अशा वेळी कोणालाही तसंच होऊ शकतं. त्या पेपरवाल्या बाईला तर माहीत होतं, तरी झालं.

"म्हणजे डोकं माझं ठीक होतं नं?"

"ठीकच होतं, काकूआजी."

"मग त्या डॉक्टरला काहून नाही समजलं?" असं म्हणून ती पुन्हा मटार सोलायला लागली. बराच वेळ कोणीच बोललं नाही.

मला नंतर राहून राहून एक जुनं प्रकरण आठवत होतं. इंग्रजांनी १८९३ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी, आणि प्रांताचा गांजा पिकायचा खंडव्याकडे. आयोगाने अकराशे त्र्याण्णव साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी पुन्हा तपासल्या, तर कित्येकांपुढे 'कारण: गांजा' असं काही चौकशी न करताच लिहिलेलं निघालं. साक्षीदारांना धाडलेल्या प्रश्नांत एक असाही होता की, गुन्हेगार लोक सावजाला हे खाऊ घालून बेशुद्ध करतात का? चोरांबद्दल विचारलं, दिरांबद्दल नाही.

असो. चॉकलेटांचं सांगायचं राहिलंच.

पुदिन्याचा ताजा रस घालू नका बरं का, मी घालणार होते. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे चार थेंब पडले की त्याचा गोळा होतो, दाणेदार. पेपरमिंटचं तेल घ्यायचं, थेंबाथेंबाने. आणि आपला बाजारातला पुदिना वेगळा, पेपरमिंट वेगळं. आपल्या पुदिन्यात तो थंडगार झणका नसतो. मधला थर पांढऱ्या चॉकलेटचा, त्यात जरासा हिरवा रंग. खालचा थर अगदी कडक होऊ द्यायचा नाही. बोट लावलं तर ठसा उमटेल इतपत असतानाच पुढचा ओतायचा, नाहीतर कापताना पापुद्रे सुटे होतात. आमच्या पहिल्या ताटाचे झालेच. कोकोचं लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळतं आणि आपला मार्च दुपारी त्याच्या वर जातो, तेव्हा हे काम सकाळी सातला किंवा रात्री. थाळी थेट फ्रीजमध्ये.

काकू दोन्ही दिवस ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसली होती. बाटलीवरचं लेबल वाचून दाखव म्हणाली, मी वाचलं. हिरव्यात काय घातलं, पुन्हा सांग म्हणाली, भाचीने सांगितलं. लग्नाकार्यात काकू बर्फी घेत नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. साखरेचं पथ्य असेल असं मी धरून चालले होते, तिला साखर नसताना.

वड्या कापल्यावर तिने एक उचलली, उजेडाकडे धरून तिन्ही थर बघितले, खाल्ली. "तोंड थंड करते नं हे," म्हणाली. नातवाने विचारलं, आजी, अजून एक घेतेस?

"थांब बापा, दोन तास होऊ दे," काकू म्हणाली, आणि स्वतःच इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.