चिऊचा ताप आणि ती गुलाबी बाटली

हिंगोली, शनिवार

चि. सौ. राणीस,


काल रात्रीचा तुझा निरोप वाचला. चिऊला परत १०३ ताप, मागच्या खेपेची गुलाबी बाटली अर्धी उरली होती तीच सुरू केली, आता नांदेडची वारी नको. वाचलं आणि हातातलं पीठ तसंच टाकून फोन लावला, तर तुझा फोन बंद. म्हणून लिहितेय. शिवाय फोनवर तू माझं निम्मंच ऐकतेस आणि निम्मं सासूबाईंना स्पीकरवर ऐकवतेस. हे एकटीने वाच.

अगं, ती बाटली कसली गं? पावडरीत पाणी घालून हलवलेलं औषध आठ-पंधरा दिवसांत निकामी होतं, हे तुला मी सांगायचं? तरी तू फडताळातून उरलेलं औषध काढतेस. बाजूला ठेव ती आणि लेकराला उद्या सकाळी डॉक्टरला दाखव.

हळद शिजायला लागली की वसमतच्या घरांत कुणाला उसंत नसते, ते मला कळतं. कुकरला कढ, अंगणभर वाफ, माणसांचे डबे, आणि त्यात कडेवर तापलेलं मूल. त्रासून गेली असशील. पण बघ, पांगरा शिंदे गावात जमिनीतून आवाज येतात तेव्हा जो तो आपापलं कारण सांगतो. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा यंत्रावर ४.५ अशी नोंद झाली म्हणून निदान काय झालं ते कळलं. चिऊच्या तापाचं तसंच चाललंय. सासूबाई म्हणतात दृष्ट, जावई म्हणतात ऊन, शेजारीण म्हणते दात. दातांनी मूल किरकिरं होतं, लाळ गाळतं, अंग जरा कोमट लागतं. १०३ ताप दातांनी येत नाही. आणि १०३ हा आकडा तरी खरा का? तू थर्मामीटर लावलास की कपाळाला हात? काखेत घट्ट धरून, वाजेपर्यंत थांबून बघायचं असतं. चार भिंतींवर चार तारखा खडूने लिहिल्यास तरी चालेल, पण लिही: कधी चढला, किती चढला, किती दिवस राहिला.

आता माझं नेहमीचं. तू हसशील, हस. चिऊची लघवी तपासली का?

इतक्या खेपा झाल्या, इतकी इंजेक्शनं झाली, रक्त काढलं, विडाल केली (त्या एकट्या विडालवर टायफॉइड ठरवणारे अजून आहेत, हे नवलच), पण दीड वर्षाच्या पोरीची लघवी बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाही, नुसताच ताप, अशा लहान मुलीत पहिला संशय लघवीतल्या जंतूंचाच धरायचा. दीड वर्षाचं लेकरू ‘जळजळतंय’ म्हणून सांगणार कसं? ते फक्त तापतं, दूध ओकतं, रडतं. मग कुणीतरी अँटिबायोटिक देतं, चार दिवस बरं वाटतं, बाटली अर्ध्यात बंद, आणि महिन्याने पुन्हा तेच. औषध पोटात गेल्यावर लघवीचं कल्चर केलं तर जंतू वाढतच नाहीत, रिपोर्ट कोरा येतो, आणि सगळे म्हणतात, बघा, तिथे काही नाही. दवाखान्यात नोकरीला असताना मी डॉक्टरांशी याच्यावरून भांडत असे. आधी लघवी, मग औषध. दाराला तोरण बांधतात तसं हे प्रत्येक दवाखान्याच्या दारावर लिहावं. मूत्रपिंडावर एकदा वण पडला की तो भरून येत नाही. पोर मोठी होते आणि पुढे रक्तदाब निघू शकतो. कधी लघवी उलटी वर चढायचा दोष असतो, तो सोनोग्राफीत आणि पुढच्या तपासणीत कळतो. आणि बद्धकोष्ठ! तिला तीन-तीन दिवस शी होत नाही म्हणालीस ना दिवाळीत? तेही याचंच भावंड आहे.

नमुना घेणं अवघड नाही, धीर लागतो. मेडिकलमधून निर्जंतुक डबी आण, आतून बोट लावू नकोस. पुढून मागे साध्या पाण्याने धू, पावडर नको. पाणी पाज, मांडीवर धर आणि वाट बघ. ओटीपोटावर गार पाण्याचा ओला बोळा गोल फिरवला की बाळं लवकर करतात, ऑस्ट्रेलियात २०१७ साली वर्षाच्या आतल्या बाळांवर त्याचा रीतसर अभ्यासच झाला. चिऊ मोठी आहे, पण करून बघायला काय जातं? पहिली धार सोडायची, मधली डबीत घ्यायची. तासाभरात लॅबला पोचव, नाहीतर फ्रिजमध्ये ठेव. कल्चरला दोन दिवस लागतात. डॉक्टरांना तसं वाटलं तर ते नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतील, ते करू दे.

तापाच्या औषधाचंही ऐक. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर द्यायचं: किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम, सहा तासांच्या आत पुन्हा नाही. पाच मिलीत १२५ वाली बाटली वेगळी, २५० वाली वेगळी, आणि थेंबांची त्याहून कडक. चमचा तोच ठेवून बाटली बदलली की घोटाळा होतो. घरात मोठ्यांची निमेसुलाइडची गोळी असेल तर तिचा तुकडासुद्धा देऊ नकोस. बारा वर्षांखालच्या मुलांना तिच्यावर २०११ पासून बंदी आहे.

लघवी साफ निघाली तर? मग माझा हट्ट संपला, मी गप्प बसेन. अंगणवाडीत जायला लागलेल्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा विषाणूचा ताप येतो, तो तसाच जातो. काही मुलांना तीन ते सहा आठवड्यांनी ठरल्यासारखा ताप येतो, तोंड येतं, घसा लाल, मानेला गाठी, आणि मधल्या दिवसांत मूल टुणटुणीत. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तसं लिहून ठेवलंय. म्हणून त्या तारखा हव्यात. हिवतापासाठी रक्ताची काच आशाताई घेतील. त्यातूनही कळलं नाही तर नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला बालरोग विभागात जा, सगळे कागद घेऊन, वारी म्हणून का होईना.

आणि एक विचारायचं राहिलं, कालपासून तेच मनात घोळतंय. आजेसासऱ्यांचा खोकला अजून आहे का गं? नर्सीच्या जत्रेत भेटले तेव्हा खोकत होते, चिऊ त्यांच्या मांडीवर होती. दोन आठवड्यांच्या वर असेल तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. त्यांना राग येईल. येऊ दे. माझं नाव सांग, त्यांना माझ्यावर रागवायची सवय आहे. चिऊचं वजन वाढतंय का ते मला खरं सांग. ‘बरी आहे’ नको, किलोत सांग.

पाणी पीत नसेल, सुस्त पडली, श्वास धापेचा लागला, मान ताठली, झटका आला, अंगावर पुरळ दिसलं किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर रात्र असो की हळदीचा हंगाम असो, गाडी काढा. विचारत बसू नका.

सासूबाईंना नमस्कार. औंढ्याचा नवस बोलल्यात म्हणे, बोलू देत.

तुझी,
मावशी

ता. क. सोमवारी सकाळच्या एस.टी.ने थर्मामीटर आणि दोन डब्या पाठवतेय. आपल्या गल्लीतला पोरगा येतोय वसमतला, जावयांना स्टँडवर जायला सांग. थर्मामीटर चिऊच्या हाती देऊ नकोस.