मौजे कोंडिवटे

विलायतेतल्या माणसाला आपले खापरपणजोबा कोणत्या गल्लीत राहत होते, त्यांच्या घरात खाणारी तोंडे किती होती आणि पोटासाठी ती काय उद्योग करीत होती हे जाणण्याची इच्छा झाली, तर खानेसुमारीची जुनी बाडे शंभर वर्षे उलटताच त्याच्यापुढे उघडली जातात. १९२१ ची बाडे तिकडे २०२२ च्या जानेवारीत खुली झाली, आणि १९३१ ची मात्र १९४२ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत भस्मसात झाल्यामुळे तिकडचे वंशशोधक अद्याप हळहळतात. आपल्या देशात अशी हळहळ करण्याचे कारण नाही, कारण जळण्याजोगे काही शिल्लकच ठेवलेले नसते. १८७२ साली पहिली खानेसुमारी झाली, १७ फेब्रुवारी १८८१ रोजी देशभर एकाच वेळी शिरगणती झाली, आणि पुढे दर दहा वर्षांनी सरकारने माझ्या पूर्वजांची डोकी इमानेइतबारे मोजली. परंतु कोष्टके सिद्ध झाली की माणसांच्या नावांचे कागद निकालात निघत, आणि १९४८ च्या जनगणना कायद्याने तर अशा नोंदी कुणाला पाहू देण्याचीच मनाई केली. माझा खापरपणजोबा, त्या काळी हयात असलाच तर, ठाणे जिल्ह्याच्या कोष्टकात ‘नेटिव्ह ख्रिस्ती, पुरुष’ या रकान्यातील एक आकडा होऊन बसला असणार. आकड्याच्या कबरीवर फुले कशी वाहावी?

आम्ही साष्टी बेटावरचे ईस्ट इंडियन. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत आमचे शेतकरी, भंडारी आणि कोळी पूर्वज ख्रिस्ती झाले, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना पोर्तुगीज आडनावे मिळाली, आणि घरात मराठी तशीच राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव पुष्कळ अलीकडचे, १८८७ सालचे, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने घेतलेले. त्याआधीच्या कागदांत ते शोधू जाणारा मनुष्य रिकाम्या हाताने परततो. आमच्या आजोबांनी वारसा म्हणून जे ठेवले त्यात एक वाक्य होते, ‘आपण मूळचे कोंडिवट्याचे,’ आणि या वाक्याच्या पलीकडे त्यांनाही काही ठाऊक नव्हते. मुलुंडला आमच्या शेजारी राहणारे एक देशस्थ गृहस्थ मला नेहमी म्हणत, की आमचे बरे आहे, त्र्यंबकेश्वरी जावे, तीर्थोपाध्यायांची वही काढायला सांगावी आणि सात पिढ्यांच्या सह्या पाहाव्या. त्यांचे पूर्वज अग्नीला दिलेले, आणि नावे वहीत सुखरूप. आमचे पूर्वज भूमीत ठेवलेले, आणि कुठल्या भूमीत ते कुणास ठाऊक नाही.

त्या भूमीचा माग काढायचा तर मुलुंडहून लोकलने घाटकोपर, आणि तेथून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने असल्फा, साकीनाका अशी स्थानके मागे टाकीत मरोळ नाका, इतकाच हा प्रवास. परंतु वंशशोधनाचा प्रवास स्थानकांवरून होत नसून दप्तरांवरून होतो, आणि ती वाट अतिशय वाकडी आहे. मौजे मरोळ, मौजे चकाला, मौजे कोंडिवटे ही गावे साष्टी तालुक्यातली. तालुका ठाणे जिल्ह्यातला. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निराळा काढला तेव्हा कारभार वांद्र्याला आला. १९५० साली महापालिकेची हद्द वाढली तेव्हा अंधेरी शहरात शिरली, आणि १ फेब्रुवारी १९५७ रोजी बोरिवली व मुलुंडही आत आले. जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदीमागे लागलेल्या माणसाने सालवारी पाहून कचेरी ओळखायची. धर्मपीठाचा कारभार याहून गुंतागुंतीचा. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रुआदो, म्हणजे चर्चवरचा आश्रयाधिकार, आणि रोमची प्रोपागांडा, म्हणजे धर्मप्रसाराचे खाते, यांच्यात अधिकाराचा जो दीर्घ कलह चालला, त्यात एका बेटावर दोन बिशपांची आण फिरत होती. साष्टीची पुष्कळशी चर्चे आधी गोव्याच्या, १८८६ पासून दमणच्या आणि १९२८ नंतर मुंबईच्या धर्मपीठाखाली आली. एखादे कुटुंब रुसून या पक्षाचे देऊळ सोडून त्या पक्षाच्या देवळात गेले, की त्याचे मृत्यूही तिकडच्या वहीत गेले. एका सरकारी कचेरीत मला या खिडकीवरून त्या खिडकीकडे आणि तेथून पुन्हा पहिल्या खिडकीकडे इतक्या अदबीने पाठवण्यात आले, की अखेर मी चर्चच्या वह्यांचाच आश्रय घेतला.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा व विवाह यांच्या वह्या ठेवण्याचा हुकूम केला आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने त्यात मृतांच्या वहीची भर घातली, हे इतिहासात वाचले होते; पण त्या हुकुमाचे मोल कळले ते आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटापुढे बसल्यावर. वह्या कसरीने खाल्लेल्या, शाई तांबूस पडलेली, भाषा आधी पोर्तुगीज, मग लॅटिन, मग इंग्रजी. माझी पोर्तुगीज तोकडी. तथापि मृत्यूची नोंद सर्वत्र एकाच ठशाची असल्यामुळे थोड्या सरावाने वाचता येते: नाव, बापाचे नाव, गाव, वय, शेवटचे संस्कार मिळाले की नाही, कोठे पुरले, आणि खाली पाद्रीबाबांची सही. खरी अडचण निराळी होती. आमच्या आडनावाचे जुआंव, पास्कू आणि दुमिंग त्या वहीत पानोपानी निजलेले. आजोबाचे नाव नातवाला, चुलत्याचे पुतण्याला. त्यातला माझा कोणता हे सांगायला गावकऱ्यांची टोपणनावे हवीत, आणि ती लिहिण्याची पाद्रीबाबांना गरज वाटली नाही.

म्हणून मृतांची वही मिटून मी विवाहाची काढली, आणि वंशशोधनाला निघणाऱ्या प्रत्येकाला माझे हेच सांगणे राहील. मृत्यूच्या नोंदीत मनुष्य एकटा असतो; विवाहाच्या नोंदीत वधू, वर, दोघांचे आईबाप आणि साक्षीदार अशी सारी मंडळी एका परिच्छेदात गोळा होतात, आणि बाप हयात नसेल तर त्याच्या नावामागे तसे नमूद होते. खापरपणजोबांचे लग्न १८४० नंतर थोड्याच वर्षांनी झालेले मला मिळाले. नवऱ्या मुलाचा बाप मृत, मूळ गाव कोंडिवटे. एवढ्या दोन शब्दांवरून जे हवे होते ते हाती आले, कारण १८४० हे साल आमच्या भागात शिलालेखासारखे कोरलेले आहे.

कोंडिवट्याचे सेंट जॉन बाप्टिस्टचे देऊळ जेझुइटांनी १५७९ साली बांधले. १७३७ ते ३९ च्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजांनी साष्टी व वसई घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, आणि या साऱ्या उलथापालथीतून ते देऊळ तगले. पण राजांना जे जमले नाही ते साथीने केले. १८४० साली गावात साथ पसरली, लोकांनी वस्ती उठवली आणि ते मरोळला येऊन राहिले. तेथे सेंट जॉन इव्हँजेलिस्टचे नवे देऊळ उभे राहिले आणि जुन्या देवळाचे सामान त्यात आले. जिवंत माणसे उठून गेली, मूर्ती उठून गेल्या. मागे राहिले ते मृत. खापरपणजोबांचा बाप त्यांतलाच.

मरोळ गावठाणात एका ओट्यावर बसलेल्या म्हातारीने मला दुरूनच हटकले, “कोनाचा रं तू?” मी आजोबांचे नाव सांगितले, ते तिला पटले नाही; घराचे टोपणनाव सांगितले, तेव्हा तिने सरकून ओट्यावर जागा दिली. शेजारी एक क्रूस होता, पांढरा, चुन्याने पुनःपुन्हा रंगवून गुळगुळीत झालेला. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, आणि पुढच्या वर्षांत मुंबईत नि साष्टीत गावकऱ्यांनी नवसाचे असे क्रूस जागोजागी उभारले. मी दफनभूमीचा विषय काढला, तेव्हा “आजी, आमची जुनी माणसे तिथे सापडतील का हो?” या माझ्या प्रश्नाला तिने हसून उत्तर दिले की सापडायला ती तिथे राहिलीत कुठे. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. उपनगरातल्या दफनभूमींत सामायिक कबर काही वर्षांनी पुन्हा उकरतात. अस्थी निघाल्या की ज्यांची ऐपत व इच्छा असेल ते भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि बाकीच्या सामायिक अस्थिकुंडात जातात. कायमची कबर हे मोजक्या घराण्यांचे भाग्य. मुंबईत जिवंत माणसाला भाड्याची खोली मिळते तशीच मेलेल्याला मुदतीची जागा, आणि यात मला अन्याय दिसत नाही; फक्त दगड पाहून पूर्वज शोधण्याची आशा धरू नये.

कोंडिवट्याचे देऊळ आज सीप्झच्या आवारात आहे. १९७३ साली निर्यातीचे हे क्षेत्र स्थापन झाले, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या नि दागिन्यांच्या कारखान्यांमध्ये ते पडके देऊळ अडकले. एरवी दरवाजावर परवाना लागतो, परंतु मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सणासाठी भाविकांना आत सोडतात. त्या रविवारी मी आत गेलो. छप्पर नाही, भिंती उभ्या, दगडांच्या सांध्यांत मुळे शिरलेली. वेदीच्या जागी मंडप घालून मिस्सा झाली, लुगडी नेसलेल्या बायका आल्या, बँड वाजला. पोर्तुगीज काळी मृतांना देवळाच्या जमिनीतच पुरण्याची चाल होती; वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूजमध्ये आणि वसईच्या किल्ल्यात तशा शिळा पाहावयास मिळतात, आणि वसईतल्या लेखांचे वाचन डॉ. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ सालीच छापून ठेवले. पण शिळा कोरवून घेणारे ते फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज उमराव. भातशेती करणाऱ्या कुणब्याला शिळा कोण कोरणार? मी हिंडलो, पाहिले, आणि आवारातल्या जमिनीत एका जागी नव्हे तर सर्वत्र आमची माणसे आहेत असे समजून फुले एका भिंतीपाशी ठेवून बाहेर आलो.

बोरिवलीला जाण्याचे वास्तविक प्रयोजन उरले नव्हते, तरी गेलो. मंडपेश्वराच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो द पोर्तो यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास देऊळ केले. तेथल्या भिंतीवर कोरलेला क्रूस अजून दिसतो, आणि लेण्याच्या माथ्यावरचे पोर्तुगीज भग्नावशेषही. पण मला अधिक वेळ धरून ठेवले ते कान्हेरीने. डोंगराच्या एका कडेला बौद्ध भिक्षूंची दफनभूमी आहे; डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी तिला निर्वाणवीथी म्हटले. विटांच्या लहान लहान स्तूपांचे तळ ओळीने पडलेले, आणि त्यांतून मिळालेल्या शिळांवर पाचव्या-सहाव्या शतकांतल्या ब्राह्मी लिपीत त्या त्या स्थविराचे नाव नि आध्यात्मिक पदवी. संसार सोडलेले, ज्यांच्या मागे नाव विचारणारे पोर नाही, अशांची नावे दीड हजार वर्षे टिकली, आणि घरभर लेकरे मागे ठेवून गेलेल्या माझ्या माणसाचे नाव टिकले ते त्याच्या मुलाच्या लग्नाच्या नोंदीत, तेही ‘मृत’ या शेऱ्यासह! मला भिक्षूंचा हेवा वाटला हे लपवीत नाही.

साष्टीतल्या ज्या वाचकांना आपली माणसे शोधायची असतील त्यांनी आधी घराचे टोपणनाव घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून लिहून घ्यावे, मग विवाहाची वही मागावी, आणि दफनभूमीकडे सर्वांत शेवटी जावे. वह्या उलगडताना पाने मोडतात, म्हणून धर्मग्रामांच्या पाद्रीबाबांनी त्यांची छायाचित्रे लवकर काढून घ्यावीत, अशी माझी त्यांना विनंती आहे. कोंडिवट्याचे मूळ सांगणाऱ्यांनी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सीप्झच्या दरवाजावर यावे. ओळखपत्र बरोबर असू द्यावे.