इंजिन कशानं गेलं?

गाडीचं इंजिन पहिल्यांदा बसतं तेव्हा घरात हळहळ असते, दुसऱ्यांदा चिडचिड. तिसऱ्यांदा बसलं की कुणी फारसं बोलतच नाही. आंदर मावळात चुलत्यांच्या ओसरीवर मी ती शांतता पाहिली आहे. विटांनी भरलेला ट्रक कान्हे फाट्याच्या अलीकडे रस्त्याकडेला उभा होता, आणि बँकेचा हप्ता नेहमीच्या तारखेला जाणारच होता.

आमच्या खोऱ्यात ट्रकवाल्याची कमाई उन्हाळ्यातली. टाकव्याच्या पुढे ठोकळवाडी धरणाच्या कडेकडेनं आत जावं. हेच पाणी १९२२ पासून सह्याद्रीखाली भिवपुरीला उतरून वीज करतं. त्या काठानं वाडीवाडीला जाणारे फाटे मुरमाचे. वीटभट्ट्या पावसाच्या तोंडापर्यंत चालतात, घरांची बांधकामं तेव्हाच उरकायची असतात, आणि एकदा आषाढ लागला की भाताची आवणी सोडून दुसरं काम नाही. म्हणून वैशाखात उभी राहिलेली गाडी वर्षाचं गणित बिघडवते.

सल्ले भरपूर आले. एक म्हणाला, काढून टाका, भंगारात तरी पैसे येतील. दुसरा म्हणाला, जुन्या बाजारातलं इंजिन उचला, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. ते ऐकायला सोपं वाटतं, पण त्या इंजिनाचा मागचा इतिहास कुणाला माहीत? शिवाय ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकावर चढवून घ्यावा लागतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी असतं. तिथं नंबर जुळला नाही तर गाडी पुन्हा दारात. तिसरा सल्ला परत बांधून घेण्याचा. लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँकचं ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग. यादी चुलत्यांना पाठ झाली होती. या सल्ल्यामागं खरा जोर होता तो आधी घातलेल्या पैशाचा. एवढे घातले, आता सोडायची कशी? माझं मत स्पष्ट आहे: गेलेला पैसा या हिशेबात धरूच नये. आज हातात असलेली रक्कम आणि गाडी पुढं किती वर्षं चालेल, एवढंच बघावं.

पण तेही नंतरचं. या तिन्ही सल्ल्यांत एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता. तो मिस्त्रीनं विचारला.

"आप्पा, मी परत बांधून देतो," तो चुलत्यांना म्हणाला, "पण हे मेलं कशानं ते आधी बघू. नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा इथंच."

हेड उतरलेलं होतं. त्यानं मला लाइनरवरून नख फिरवायला सांगितलं. नखाला सपाट लागायला हवी ती भिंत वरच्या बाजूला अडत होती. उभ्या बारीक रेघा. ऑईल कमी पडून इंजिन जाम झालं असतं तर बेअरिंगवर खुणा दिसल्या असत्या, ती तर बरी होती. मग त्यानं एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधला रबरी होज काढला आणि वाकवून धरला. खालच्या घडीत, वरून कधीच दिसली नसती अशी, बोटभर चीर होती. आत ऑईलच्या ओलीवर तांबूस मुरमाची धूळ चिकटलेली. फिल्टर नवाकोरा होता, आणि धूळ फिल्टरच्या पुढं होती.

पाच लिटरचं डिझेल इंजिन दोन हजार फेऱ्यांवर मिनिटाला चार-पाच हजार लिटर हवा ओढतं. त्या हवेतली वाळूची बारीक कणी रिंग आणि लाइनरच्या मध्ये सापडली की घासकागदाचं काम करते. आधी पिकअप जातो, मग गाडी ऑईल प्यायला लागते, ब्रीदरमधून वाफ मारते, निळा धूर सोडते. दोनदा इंजिन बांधलं तेव्हा आतलं सगळं नवं पडलं आणि हा जुना होज दोन्ही वेळा पुसून परत बसवला गेला.

मला सगळ्यात लागलं ते ड्रायव्हरचं. दुसऱ्या वेळी घरात सर्वांनी ठरवून टाकलं होतं की तो गाडी मारतो, घाटात रेटतो. पोरगा वडेश्वरकडचा, शांत. ऐकून घेतलं आणि काम सोडून गेला. ओव्हरलोडनं इंजिनं जातात हे खरं आहे, आणि खोपोलीहून बोरघाट चढताना जास्तीचा माल सर्वांत आधी इंजिनालाच भोवतो. रेल्वेनं हे पहिल्यापासून मान्य केलंय: सदतीसास एक असा चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीमागं बँकर इंजिनं लागतात. ट्रकमागं कुणी लागत नाही. पण आमची गाडी घाटानं मारली नव्हती, आणि त्या पोरानं तर नाहीच. चुलते त्याच्या घरी जाऊन ते सांगून आले. या सगळ्या प्रकरणात मला त्यांचा सर्वांत मोठा निर्णय तोच वाटतो.

गाडी विकायची नाही, शेवटची एकदा बांधायची असं ठरलं. होज, क्लिपा आणि फिल्टरचा डबा नवा. सोबत एक मर्यादाही ठरली आणि चुलतभावानं ती वहीत लिहून ठेवली: पुढच्या पासिंगच्या आत पुन्हा हेड उघडावं लागलं तर गाडी जाईल, आणि घेणाऱ्याला तिन्ही वेळची बिलं दाखवूनच जाईल. बिघाड झाकून गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारली तर त्याच्याही दारात असाच हप्ता येतो.

ज्यांची गाडी आज गॅरेजात उघडी पडली असेल त्यांना एक विनंती. खर्चाचा आकडा फोनवर विचारू नका. स्वतः जा, इंजिन उघडं असताना शेजारी उभे राहा, काय झिजलं आणि कशानं झिजलं ते मिस्त्रीकडून दाखवून घ्या, आणि काढलेले जुने भाग बिलासोबत मागून घ्या. ड्रायव्हरला काय बोलायचं ते त्यानंतर ठरवा.