टाच टेकेपर्यंत

टाचेशी आपली ओळख ती केवढी! भेगा पडल्या की कोकमतेल चोळायचं, मुलांना चप्पल घेताना मागे बोटभर जागा आहे ना ते बघायचं, संपलं. पण सारं अंग तोलणारं ते हाड मोडलं, की अख्खं घर कसं लंगडं होतं ते मी माझ्या माहेरी, रोह्याला पाहिलं.

मे संपत आला होता. पावसाआधी कौलं परतायला दादा छपरावर चढला, घसरला आणि अंगणात उभाच्या उभा पायांवर आदळला. रक्त नाही, जखम नाही. शेजारी म्हणाले, "मुरगळलंय, तेल लावून चोळा." वहिनीने कुणाला हात लावू दिला नाही. रात्रीपर्यंत टाच टम्म फुगली, तळवा काळानिळा पडला. फोन येताच आम्ही पेणहून निघालो आणि त्याला पनवेलला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी पायाबरोबर पाठीचाही एक्सरे काढला. असं पडून टाच मोडलेल्या दहा जणांत साधारण एकाचा मणकाही दुखावलेला असतो म्हणे! दादाची पाठ शाबूत होती. टाचेचा मात्र चुरा. वरचं घोट्याचं हाड पाचरीसारखं खाली घुसलं होतं. टाच बसकी नि रुंद झाली होती. आम्हा पेणकरांना हे लगेच उमगतं. गणपतीचा तळच सपाट नसेल, तर मूर्ती पाटावर डुलायचीच!

"मग आजच करा ना ऑपरेशन!" मी म्हटलं. डॉक्टर हसले. सुजलेल्या कातडीवर चीर दिली तर ती जुळत नाही, जखम चिघळते. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत आठवडा-दोन आठवडे थांबायचं. हाड कातडी फाडून बाहेर आलं, किंवा मागून कातडीवर दाबत असलं, तर मात्र वेळ दवडायचा नाही.

ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असंही नाही. ब्रिटनमध्ये अशा १५१ रुग्णांची पाहणी झाली होती, ती २०१४ साली छापून आली. दोन वर्षांनी ऑपरेशन झालेले आणि न झालेले, दोघांचं दुखणं-चालणं जवळजवळ सारखंच. उलट ऑपरेशनवाल्यांना जखमेचा त्रास जास्त. पण टाचेचा आकार अगदीच बिघडलेले रुग्ण त्यात धरले नव्हते. दादाचं हाड पसरून बाहेरच्या घोट्याखाली दाबत होतं, म्हणून त्याला ऑपरेशनच सुचवलं.

अट एकच. बिडी बंद! बिडीने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही. मधुमेह असला तर साखरही आटोक्यात हवी. वहिनीने उशीखालचं बंडल चुलीत घातलं. दादा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. "बोलू नका, पण पाय उशांवरून खाली घेऊ नका," एवढंच ती म्हणाली.

दहाव्या दिवशी सुरकुत्या दिसल्या. बाहेरच्या बाजूने चीर देऊन डॉक्टरांनी तुकडे उचलले, सांध्याचा पृष्ठभाग जुळवला, पट्टी आणि स्क्रूंनी बसवला. पण खरी परीक्षा पुढेच होती. दहा आठवडे टाच टेकायची नाही! धाटावच्या कारखान्यात शिफ्टवर उभा राहणारा माणूस, पगार अर्ध्यावर, बाहेर कुंडलिका दुथडी भरलेली. वहिनी पापड लाटून चार पैसे मिळवत होती. एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "वन्सं, हे परत उभे राहतील ना हो?" मी काय सांगणार? दोघींनी मिळून न्हाणीघरात धरायला दांडा ठोकून घेतला, पायरीपाशी फळी टाकली, त्याचं अंथरूण पुढच्या खोलीत आणलं.

दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी दारी आली, तेव्हा दादा काठी टेकत उंबऱ्याशी उभा होता. आज तो चालतो. शेताच्या बांधावर, खडबडीत वाटेवर दुखतं. सकाळी पहिली चार पावलं जड जातात. पुढे सांधा झिजलाच, तर तो कायमचा जोडायचं आणखी एक ऑपरेशन असतं, हेही आम्हाला माहीत आहे. कारखान्यात त्याला स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालं.

तेव्हा बायांनो, उंचावरून कुणी पायांवर पडलं तर चोळू नका, चालवून बघू नका. पाय उंच ठेवा, पाठ तपासून घ्या, बिडी-सिगारेट दूर करा. आणि डॉक्टर "थांबा" म्हणाले, तर ती हयगय समजू नका. ते थांबणं हाही उपचारच असतो, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या बाईलाच निभवावा लागतो.